विजूताईची चार वाजताची फेरी

भोपाळला जाऊन आले म्हटलं की लोक तलावाबद्दल विचारतात. तलाव मी पाहिला, रिक्षातून, सात-आठ मिनिटं. संध्याकाळचं ऊन पाण्यावर होतं आणि फार सुंदर दिसत होतं, एवढं सांगून तो विषय संपवते. माझे पाच दिवस गेले ते सोनागिरी या वस्तीत आणि सोनागिरीच्या भिंतीपलीकडे, जिथं पाहायला म्हणून कुणी जात नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं. चौतीस वर्षं मी साताऱ्यात एका रुग्णालयात एक्स-रे काढले. लग्न केलं नाही. आई होती, तिचं सगळं करायचं होतं. ती गेल्या वर्षी गेली आणि यंदा जानेवारीत मी निवृत्त झाले. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की सकाळी उठून कुठे जायचं नाही आणि घरी कुणी वाट बघत नाही. याला मोकळीक म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण दुपारी दोन वाजता खुर्चीत बसलं की छातीत काहीतरी धडधडायला लागायचं.

पुण्याहून भाचा निखिल रोज फोन करायचा. "आत्या, तू इकडेच ये राहायला. जुळ्यांची शाळा सुरू होते जूनपासून. तुझी खोली तयार करतोय." दुसरीकडे डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, मशीन आहे पण चालवायला माणूस नाही, आठवड्यातून तीन दिवस याल का? मी दोघांनाही 'सांगते' म्हटलं होतं आणि दोघांनाही काही सांगत नव्हते.

त्यातच बेंगळुरूहून अमितचा फोन आला. अमित म्हणजे माझी मावसबहीण विजूताई हिचा मुलगा. विजूताई मूळची नागपूरची. लग्न होऊन भोपाळला गेली, नवरा तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात. तीन वर्षांपूर्वी भाऊजी गेले तेव्हापासून ती एकटीच राहते.

"मंदामावशी, तू आता मोकळीच आहेस ना? आईकडे जाऊन ये जरा," अमित म्हणाला. "शेजारच्यांनी मला सांगितलंय, ती रोज दुपारी रिकाम्या घरांमधून फिरते आणि तिथं नसलेल्या बायकांशी बोलते. तू बघून सांग. तू म्हणालीस ना की काही गडबड आहे, तर मी येऊन तिला घेऊनच जातो."

अशी मी भोपाळला निघाले. बहिणीला भेटायला म्हणून, आणि खरं तर हेरगिरीला.

सोनागिरी, पहिला दिवस

विजूताईचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, खिडकीत वाळत घातलेल्या मिरच्या. सत्तरी ओलांडली तरी ती माझ्यापेक्षा ताठ चालते. सकाळी तिनं माझ्यापुढे पोहे ठेवले आणि बाजूला गरम जिलबी. पोह्यांवर शेव आणि बडीशेप. आमच्याकडे ओलं खोबरं असतं म्हटल्यावर ती म्हणाली, "तुमचं ते कोकणाच्या बाजूचं. इथं जिलबीशिवाय पोहे दिले तर पाहुणा नाराज होतो." चहात तिनं मिठाची चिमूट टाकली होती. पहिला घोट मी कसाबसा गिळला. पाचव्या दिवशी तोच चहा मी मागून घेतला.

वेडेपणाची खूण दिसते का म्हणून मी तिच्याकडे बघत होते. ती दिसत नव्हती. औषधं वेळेवर घेत होती, गॅसचं बटण दोनदा तपासत होती, मोबाइलवर विजेचं बिल भरत होती. मला माझीच अंमळ लाज वाटायला लागली.

पावणेचार वाजता ती उठली. साडी बदलली, केस बांधले, दोन चाकांच्या भाजीच्या पिशवीत पाण्याचे दोन कॅन ठेवले.

"मी ड्यूटीवर जाऊन राहिली. तू येतेस, की आराम करतेस?"

जन्मभर नोकरी न केलेली बाई ड्यूटीवर निघाली होती. मी चपला घातल्या.

सोनागिरीच्या रस्त्यावर दुकानं, स्कूटर, कोचिंग क्लासच्या पाट्या, सगळा गलबला. एका वळणानंतर भिंतीतलं फाटक आणि फाटकापलीकडे कारखान्याची वसाहत. तिथला काही भाग अजून गजबजलेला आहे. पण विजूताई डावीकडे वळली, आणि शंभर पावलांत आवाज असे थांबले की मी मागे वळून पाहिलं. रस्ता तिथंच होता. स्कूटरही जात होत्या. ऐकू मात्र येत नव्हत्या.

समोर बैठ्या क्वार्टरांच्या रांगा. भाऊजींच्या नोकरीत विजूताईचं यातल्या एका रांगेत रोजचं येणं-जाणं होतं. कारखान्यात माणसं कमी झाली तशी घरं रिकामी झाली आणि रिकामीच राहिली. मार्च संपत आला होता, सागाची वाळकी पानं गुडघ्यापर्यंत साठली होती. दारांना खिळे ठोकलेले. एका चौकटीवर पेन्सिलीनं मुलांच्या उंचीच्या रेघा, सर्वांत वरच्या रेघेपुढे कुठलंसं नाव पुसट झालेलं. एका अंगणात झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या लोंबत होत्या. वारा नव्हता. छपरावर मोर बसला होता. तो आम्हाला बघून हलला नाही.

"साप से बचना, माताजी," फाटकावरचा चौकीदार मागून ओरडला.

विजूताईनं कोपऱ्यावरच्या हापशावर कॅन भरले, पहिल्या घरापाशी थांबली आणि मोठ्यांदा म्हणाली, "शर्मा भाभी, आ रही हूँ!"

ती क्षणभर थांबली, कुणी दार उघडायला वेळ लावावा तेवढं, आणि मग आत गेली. अंगणात एक तुळस होती, एक मोगरा, आणि कढीपत्त्याचं झाड. घर मेलेलं आणि ही तीन झाडं टवटवीत. तिनं पाणी घातलं, वाळकी पानं काढली आणि म्हणाली, "चलती हूँ, भाभी."

"तिवारी चाची, आ रही हूँ."

"देशमुख वहिनी, आले बरं का."

"खान आपा, मैं हूँ, विजया."

अकरा घरं. प्रत्येक दाराशी नाव, प्रत्येक दाराशी तेवढंच थांबणं. मी मागून येत होते आणि अमितला काय सांगायचं त्याचे शब्द मनात जुळवत होते.

अकरावं घर रांगेच्या अगदी टोकाला. "सरोज भाभी, आ रही हूँ." इथं मात्र विजूताईनं कॅन टेकवला नाही. तुळशीची माती ओली होती. नुकतंच पाणी घातल्यासारखी काळी, ओली.

"कुणी घातलं?" मी विचारलं.

"या घरी होतं असं," ती म्हणाली. "मी विचारत नाही."

टी. टी. नगर, दुसरा दिवस

सकाळी आम्ही टी. टी. नगरच्या बाजारात गेलो, मला चंदेरी साडी बघायची होती म्हणून. तिथं एका दुकानाच्या पायरीवरून उतरताना विजूताईचा पाय मुरगळला. घरी येईपर्यंत घोटा सुजला. माझ्यातली रुग्णालयवाली जागी झाली, मी दाबून पाहिलं. हाड शाबूत होतं. पण चालणं दोन दिवस बंद.

साडेतीन वाजले तशी ती अस्वस्थ झाली. मग एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे तिनं अकरा नावं लिहिली, घराच्या क्रमानं, आणि पत्रिका माझ्या हातात दिली.

"पाणी घालून येते," मी म्हटलं, "पण हाका मारायच्या नाहीत हं मला."

"मंदे, तू कुणाच्या घरात न सांगता शिरतेस का?" ती खरोखरच रागावली होती. "हाक मारायची नसेल तर जाऊ नको. आज झाडं उपाशी राहतील."

मी गेले.

चौतीस वर्षं मी अंधाऱ्या खोलीत काम केलं. 'श्वास रोखा, आता सोडा' हे वाक्य किती हजार वेळा म्हटलं असेल कोण जाणे. मेलेल्या माणसांचेही एक्स-रे काढलेत. मी भित्री नाही. पण त्या दुपारी, भर उन्हात, पहिल्या दाराशी उभी राहून 'शर्मा भाभी' म्हणताना मलाच श्वास रोखावा लागला. माझा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला, आणि परत आलेला आवाज माझ्यापेक्षा थोडा म्हातारा वाटला.

तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत एक विचित्र गोष्ट झाली. हाक मारली की मी थांबायला लागले. परवानगीची वाट बघत. आणि प्रत्येक घराची शांतता वेगळी आहे असं वाटायला लागलं. देशमुखांकडे ती बसून असल्यासारखी होती. खान आपांकडे आतून कुणीतरी ऐकत असल्यासारखी. मी स्वतःला म्हटलं, बाई गं, अमित उद्या तुझ्याबद्दलही चौकशी करेल.

अकराव्या घराशी पोचले. तुळस पुन्हा ओली होती. म्हणजे माझं काम नव्हतं, मी तशीच परत फिरू शकले असते. पण पत्रिकेवर नाव होतं, म्हणून मी म्हटलं, "सरोज भाभी, आ रही हूँ."

आतून आवाज आला, "आ जाओ."

स्पष्ट. हळू, पण स्पष्ट. मी आजही डोळे मिटून तो ऐकू शकते, पण तो बाईचा होता की पुरुषाचा, हे कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही.

पळायला हवं होतं. पण बोलावल्यावर दारातून पळून कसं जायचं? खरंच, त्या क्षणी मनात एवढंच आलं. पुढच्या दाराला खिळे होते. मी घराला वळसा घालून मागे गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आतल्या खोलीत, छपराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात, एक म्हातारा माणूस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. डोळे अर्धे मिटलेले. चेहऱ्यावर घामाचा थेंब नव्हता, कातडी कोरडी आणि तापलेली. उन्हाचा त्रास मी ओळखते. मी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, पदर भिजवून मानेला लावला, घोट घोट पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांची नजर जागेवर आली. त्यांनी शर्टाच्या खिशातून कानाचं मशीन काढलं आणि कानात बसवलं.

"आपण कोण?" त्यांनी हिंदीत विचारलं.

मी सांगितलं. त्यांचं नाव रामस्वरूप. कारखान्यात फिटर होते, सव्वीस वर्षं याच घरात राहिलेले. आता मुलाकडे, शहराबाहेर मंडीदीपला राहतात. रोज सकाळी बसनं येतात, इथं बसतात, अडीचला तुळशीला पाणी घालतात आणि तीन वाजता निघतात. आज उठताच आलं नाही. तीनच्या सुमाराला डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हापासून ते तसेच बसून होते.

"बरं झालं तुम्ही ओ दिलीत," मी म्हटलं. "नाहीतर मी बाहेरूनच गेले असते."

"मैंने?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मला तर काही ऐकूच आलं नाही. मशीन खिशात होतं. यहाँ किसे सुनना है?"

"पण कुणीतरी म्हणालं, आ जाओ."

"तुम्ही काय हाक मारली होती?"

"सरोज भाभी."

बाहेर मोर ओरडला.

"सरोज माझी बायको," ते म्हणाले. "तिला जाऊन चार वर्षं झाली." मग अगदी साध्या आवाजात, रस्ता विचारावा तसं त्यांनी विचारलं, "किस तरफ से आई आवाज़?"

मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. ते उठले, खुर्ची उचलली, स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवली आणि क्षणभर बसले. मग म्हणाले, "चलिए."

मंडीदीप, तीच संध्याकाळ

त्यांना एकटं पाठवणं शक्य नव्हतं. जवळच्या डॉक्टरांना दाखवून, रिक्षा करून मी त्यांना मंडीदीपला घेऊन गेले. रस्त्यात पाळी सुटलेल्या कामगारांच्या सायकली, चिमण्यांचा धूर, पेरूच्या गाड्या. इतक्या जिवंत गर्दीत मला पहिल्यांदा बरं वाटलं.

घर चांगलं होतं. नवीन, टाइल्स घातलेलं. सुनेनं दार उघडलं. तिशीतली, नीटनेटकी, हसऱ्या चेहऱ्याची. तिनं आधी मला पाहिलं, मग त्यांना, आणि तिचं हसू अर्धवट राहिलं.

"पापाजी? आप बाहर कब गए?"

ती त्यांना खोलीत समजत होती.

तिनं त्यांच्या खोलीचं दार उघडलं, आणि तिच्या खांद्यावरून मी पाहिलं. खोलीला ताजा आकाशी रंग. कूलर चालू. उशाशी घंटीचं बटण. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, आवाज दाराबाहेर ऐकू येईल इतका. टेबलावर दुपारचं ताट, झाकलेलं, न उघडलेलं. पलंगावरची चादर जराही चुरगळलेली नव्हती. त्या रिकाम्या रांगेत वाटली नव्हती इतकी भीती मला इथं वाटली. माणूस रोज घरातून जात होता, रोज परत येत होता, आणि घराला दोन्ही कळत नव्हतं.

"मी एक वाजता दार किलकिलं करून टेबलावर ताट ठेवते, आत बघत नाही," सून मला सांगत होती. "वाटायचं, झोपले असतील. उठवू नये. संध्याकाळी ताट रिकामं असतं ना... मला काय माहीत..." ती वाईट नव्हती. तिनं खरंच सगळं दिलं होतं.

"कहाँ मिले आपको?" तिनं विचारलं.

रामस्वरूपजींनी माझ्याकडे पाहिलं.

"काम पर," मी म्हटलं. "तुमच्या सासऱ्यांच्या हातची तुळस आहे आमच्याकडच्या रांगेत. ते रोज येतात. उद्यापासून डबा द्या आणि कधी परत येणार ते विचारा. आणि उन्हाचं चार वाजेपर्यंत आमच्या विजूताईकडे थांबू दे त्यांना."

ती मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. ते तिच्याजवळ अवघडून उभे राहिले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "टीव्ही बंद कर दे, बेटा."

सोनागिरी, शेवटचे दिवस

विजूताई पाय उशीवर ठेवून मटार सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं. आवाजाचंही.

"कुठल्या घरी?"

"शेवटच्या. सरोज भाभींच्या."

"हं. ती तशीच होती. थोडकं बोलायची," विजूताई म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

"ताई, तुला भीती नाही वाटत?"

"सुरुवातीला वाटली." तिनं दाणे वाटीत टाकले. "हे गेले तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम कर. अमित म्हणाला, बेंगळुरूला चल. मी विचार केला, जन्मभर कुणी ना कुणी सांगितलं आणि मी केलं. सासूबाईंनी सांगितलं, यांनी सांगितलं, मुलानं सांगितलं. एक दिवस अशीच चालत तिकडे गेली, तर शर्मा भाभीचा मोगरा वाळून चाललेला. मला कुणीच सांगितलं नव्हतं त्याला पाणी घाल म्हणून. कुणी नको पण म्हटलं नाही. मी घातलं. परत येताना मला वाटलं, आज पहिल्यांदा मी माझ्या मनानं काही केलं." तिनं हसून माझ्याकडे पाहिलं. "तू अमितला काय सांगणार आहेस, ते सांग. मला माहिती आहे त्यानं तुला कशाला पाठवलं."

मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोरच अमितला फोन लावला. आई रिकाम्या घरांशी बोलते, हे खरं आहे, म्हटलं. अकरा घरांतली झाडं तिच्यामुळे जगली आहेत आणि काल एक माणूसही, हेही खरं आहे. न्यायला येऊ नको, फेरीला ये. आवाजाचं मी त्याला सांगितलं नाही. ते सांगण्याचा हक्क माझा आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी चार वाजता आम्ही तिघं फेरीला गेलो. विजूताई काठी टेकत, रामस्वरूपजी कॅन ओढत, कानात मशीन घालून. अकराव्या दाराशी हाक त्यांनी मारली. आतून काही आलं नाही. आम्ही तिघंही उन्हात थांबलो, बराच वेळ. मग ते म्हणाले, "सो रही होगी," आणि तुळशीपाशी वाकले.

साताऱ्याला परतून आता तीन महिने होत आले. निखिलला मी सांगितलं, जुळ्यांना भेटायला दिवाळीत येईन, आठ दिवस, पाहुणी म्हणून. तो दुखावला. दोन आठवडे त्याचा फोन आला नाही, मग आला. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पहाटेच्या एसटीनं डोंगरातल्या त्या दवाखान्यात जाते. पहिल्या दिवशी मशीनवर पाखरांची घाण होती. आता माझ्या आधी पेशंट येऊन बसलेले असतात. दुपारी दोन वाजता छातीत धडधडत नाही असं नाही, पण तेव्हा माझे हात कामात असतात.

अमित मे महिन्यात भोपाळला जाऊन आला. दोन दिवस फेरीला गेला आणि एकटाच परतला.

परवा विजूताईचा फोन आला. कारखान्यानं ती रांग पाडली. आधी कळवलं होतं, त्यामुळे त्यांना वेळ मिळाला. रामस्वरूपजींनी पत्र्याचे डबे कापून कुंड्या केल्या, त्यांची सूनही दोन रविवार आली, आणि झाडं सोनागिरीतल्या घराघरांत गेली.

"मग आता दुपारचं काय करतेस?" मी विचारलं.

"पलीकडची रांग धरली आहे. तिथं पण झाडं आहेत ना. पेरू आहे, जास्वंद आहे."

"पण तिथं कोण राहायचं ते तुला कुठे ठाऊक आहे? हाका कशा मारतेस?"

"पहिल्या दिवशी दाराशी उभी राहून नाव विचारते," विजूताई म्हणाली.

फोनमधून मोराचा आवाज येत होता.

"आणि?"

"सांगतात," ती म्हणाली.